लाल रेघा आणि देवमासा

बारकी नोकरीला लागली त्या दिवशी दुपारी तिच्या बाबांनी कारखान्यात फोन करून विचारलं, "आमची बारकी जेवली का?"

फोन उचलला होता मास्तरांनी. त्यांनी तो तसाच छातीशी धरला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "इथे बारकी कोण आहे?" तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलामागून चाळिशीला टेकलेली, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढी उंच बाई हात वर करून उभी राहिली. सगळे खो खो हसले. ती घरात शेंडेफळ, म्हणून बारकी. पुढे ती दोन्ही भावांच्या डोक्यावरून बघायला लागली तरी नाव काही बदललं नाही. आणि त्या दुपारपासून ते कारखान्यातही चिकटलं.

कारखाना भरतकामाच्या यंत्रांचा. खालच्या मजल्यावर यंत्रं जोडली जायची, तिथे दिवसभर ठोकाठोक आणि तेलाचा वास. वरच्या मजल्यावर त्या यंत्रांना अक्कल शिकवली जायची, म्हणजे सुईने कुठे जायचं, कधी थांबायचं, दोरा कधी कापायचा, हे सांगणारा कोड लिहिला जायचा. तो कोड बहुतेक सगळा मास्तरांचा. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. फळ्यावरून संगणकावर आले, पण आवाज वर्गातलाच राहिला.

बारकीने पहिली फाइल उघडली. पडदाभर लाल रेघा. ज्या एडिटरमध्ये कोड लिहायचा, त्याचं एक काम असं की आपण लिहीत असतानाच तो चुका शोधतो आणि चुकीखाली नागमोडी लाल रेघ ओढतो. इथे तर एकही ओळ सुटली नव्हती. नापास पोराच्या पेपरासारखी फाइल दिसत होती. तिने घाबरत घाबरत तोच कोड कंपायलरला दिला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या चिपला कळेल अशा रूपात आणणारा. तो खऱ्या चुकीला जागेवरच अडतो. पण त्याने एक शब्द न बोलता सगळं पास केलं.

"मास्तर, एडिटर म्हणतोय सगळं चुकलंय. कंपायलर म्हणतोय सगळं बरोबर आहे."

"कंपायलर म्हणतो ते खरं," मास्तर मान वर न करता म्हणाले. "एडिटर नुसता बडबड्या आहे. त्याच्याकडे कानाडोळा करायचा. होते सवय."

त्यांनी स्वतः तर सेटिंगमध्ये जाऊन रेघांचा लाल रंगच इतका फिका करून टाकला होता की चष्मा काढला की त्या दिसतच नसत.

बारकीला काही सवय होईना. लहानपणापासून तिने बाबांना लाल शाईत बुडालेलं पाहिलं होतं. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊनही हात शिवशिवायचे, म्हणून औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेतसुद्धा ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे. तिच्या लेखी लाल रेघ म्हणजे थांब, नीट बघ. आणि इथे सगळे त्या रेघेवरून बिनधास्त चालत होते.

तेवढ्यात देवमाशाचं प्रकरण उद्भवलं.

नाटकांचे पडदे शिवून देणाऱ्या एक बाई होत्या. लहान मुलांच्या एका नाट्यगृहासाठी त्यांना पडद्यावर मोठाच्या मोठा निळा देवमासा भरून हवा होता. तो नीट जमला तर त्या कारखान्याची अनेक यंत्रं घेणार होत्या. कारखान्याच्या मालकीणबाई हरखून गेल्या. आतापर्यंतची सगळी गिऱ्हाइकं शर्टाच्या खिशावर फूल नाहीतर टोपीवर नाव भरणारी. एवढं मोठं काम यंत्रावर कधी कुणी केलंच नव्हतं.

यंत्र तपासायचं काम शिवणताईंकडे. त्यांनी कापड ताणलं, निळा दोरा ओवला आणि यंत्र चालू केलं. डोकं सुरेख आलं. डोळा तर असा की मासा आपल्याकडे बघून हसतोय असं वाटावं. पोट आलं, पंख आला. शेपटीचा भाग सुरू झाला, आणि एकाएकी सुईला काय झालं कुणास ठाऊक, ती सर्रकन उलटी पळत सुटली आणि हसऱ्या डोळ्यात शेपूट भरायला लागली.

"अगं बाई! थांब थांब!" शिवणताई यंत्रावरच ओरडल्या आणि त्यांनी खटका दाबला.

मग रोज नवा संशयित. शिवणताईंना वाटलं दोरा खराब. दोरा बदलला, तरी मासा तसाच. मालकीणबाईंनी विजेवर खापर फोडलं. वायरमन आला, सगळं ठीक आहे म्हणाला, चहा पिऊन गेला. मास्तरांनी आपला कोड डोळ्यांत तेल घालून पहिल्यापासून वाचला आणि हात झटकले. "कोडमध्ये काही नाही. कंपायलरने पास केलाय." पण त्यांचं हसणं बोलणं कमी झालं. भिंतीशी बिघडलेल्या देवमाशांची चळत वाढत होती आणि येता जाता त्यांची नजर तिच्यावर जायची.

बारकी एका सकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मास्तर, मला एडिटर सरळ करायचाय. कंपायलर जे बघतो तेच त्याला दिसलं पाहिजे."

"इथे मासा डोळ्यात शेपूट घालून बसलाय आणि तुला रेघा पुसायच्यात?"

"हो ना! अहो, एवढ्या खोट्या रेघांच्या गर्दीत एखादी खरी असली तर दिसणार कशी?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग चळतीकडे पाहिलं. "कर काय करायचं ते. पण माझ्या कोडच्या एका अक्षरालाही हात लावायचा नाही."

"नाही लावत. फक्त एडिटरची सेटिंग."

संध्याकाळी घरी तिने बाबांना सगळी हकिगत सांगितली. बाबा टेबलावर ताटं मांडत होते. आई गेल्यापासून ताटं मांडणं त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं आणि त्यातही चमचे ओळीत नसले तर त्यांना चैन पडत नसे.

"म्हणजे दोघं तपासनीस, आणि दोघांची दोन मतं," बाबा म्हणाले. "दोघांकडे शब्दकोश एकच आहे का?"

"नाही ना, तिथेच तर घोडं अडलंय! कंपायलर यंत्राच्या चिपसाठी तपासतो. चिपचे सगळे शब्द, सगळ्या खुणा त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. एडिटरला तो फोल्डर कुठे आहे हेच माहीत नाही. त्याला वाटतं आपण साध्या संगणकासाठीच लिहितोय."

"मग बिचाऱ्याचा काय दोष? मला परक्या भाषेतलं पुस्तक देऊन आपला शब्दकोश हातात दिलास, तर मीही शब्दागणिक लाल करीन."

दुसऱ्या दिवशी बारकी पदर खोचून कामाला लागली. कंपायलर कोणकोणत्या फोल्डरमधून शब्द उचलतो ते तिने आधी शोधून काढलं. त्यासाठी तिने कंपायलरलाच सांगितलं, की तू प्रत्येक फाइल कशी तपासतोस ते बोलत बोलत कर. तो बोलायला लागला तो थांबेचना. ते सगळं तिने एडिटरच्या सेटिंगमध्ये नेऊन घातलं. एडिटर पुन्हा चालू केला, तर रेघा दुप्पट! आता त्याला चिपचे शब्द सापडत होते, पण त्या शब्दांच्या पोटातले आणखी शब्द सापडत नव्हते.

"वा!" मागून जाता जाता मास्तर म्हणाले. "छान रंगतंय चित्र."

बारकीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भाषेची कोणती आवृत्ती धरायची ते तिने एडिटरला सांगितलं. चिप बनवणाऱ्यांनी भाषेत घुसडलेले चारदोन खास शब्द ओळखून दाखवले. दर वेळी रेघांचा एक एक पुंजका विझायचा आणि तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. शेवटी उरल्या त्या चिप बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या फायलींतल्या रेघा. त्या फायली काही कारखान्याच्या नव्हत्या. त्या फोल्डरकडे बघूच नको, असं तिने एडिटरला बजावलं आणि एंटर मारलं.

पडदा लख्ख झाला. एक रेघ नाही.

"मास्तर!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की खालची ठोकाठोक थांबली.

सगळे धावत आले. मास्तरांनी चष्मा पुसला, एक फाइल उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. कुठेही लाल म्हणून नाही. "कमाल आहे तुझी," ते म्हणाले, आणि मास्तरांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे बरंच होतं. मालकीणबाईंनी केक मागवला. मासा अजून दुरुस्त व्हायचा होता, पण किती दिवसांनी वरच्या मजल्यावर कुणी हसत होतं! शिवणताईंनी केकचा मोठा तुकडा बारकीच्या तोंडात कोंबला. बारकी अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढून घरी गेली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, शाबासकी दिली आणि सहज विचारलं, "एकही चूक निघाली नाही?"

"एकही नाही!"

"हं." बाबांनी एक चमचा सरळ केला. "आमच्याकडे नवीन मुद्रितशोधक आला आणि त्याने पानंच्या पानं कोरी परत केली, की आम्ही पुढच्या पानात मुद्दाम एक ढळढळीत चूक घालून द्यायचो. पान उत्तम आहे, की गडी झोपलाय, तेवढं कळायचं."

बारकीचा घास तोंडातच राहिला.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. एक फाइल उघडली, तिची वेगळी प्रत केली, म्हणजे मास्तरांना दिलेला शब्द मोडायला नको, आणि एका ओळीच्या शेवटचा अर्धविराम काढून टाकला. शाळकरी पोरालाही दिसेल अशी चूक. एडिटर गप्प. मग तिने मधेच स्वतःचं नाव लिहिलं. एडिटर गप्प. तीच फाइल कंपायलरला दिली, तर त्याने आकाशपाताळ एक केलं.

भ्रमाचा भोपळा फुटला. चूक लगेच सापडली, तेवढंच नशीब. चिपवाल्यांच्या फोल्डरचं नाव होतं 'यंत्र' आणि कारखान्याच्या फोल्डरचं 'यंत्र-नवं'. तिने 'यंत्र'पासून सुरू होणाऱ्या कशाकडेही बघू नको असं सांगून ठेवलं होतं. एडिटरने इमानेइतबारे दोन्हीकडे पाठ फिरवली होती. रेघा मिटल्या नव्हत्या, तपासणीच बंद पडली होती.

गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. कालचा केक सगळ्यांनी खाल्ला होता, कौतुक करून झालं होतं. पण आज दिवसभर मास्तर त्याच कोऱ्या पडद्यावर विश्वास ठेवून काम करणार होते. ते जिन्याने वर आले तशी ती उठली.

"मास्तर, काल मी सगळ्यांना केक फुकट खायला घातला."

तिने सगळं सांगितलं. स्वतःचं नाव लिहिलेली ओळही दाखवली. मास्तर खुर्चीत बसले, ओळ वाचली, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे आधी हा बडबड्या होता. तू तर याला पार मुका करून टाकलास!"

बारकीचे कान तापले, पण तिलाही हसू आवरेना.

"अगं, तू स्वतःहून सांगितलंस हे बरं झालं," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. मग जे ते कधी करत नसत ते त्यांनी केलं. आपली खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आणली. "चल, दाखव. आता दोघं मिळून करू. मला या मेल्या एडिटरची खोड मोडायचीच आहे."

फोल्डरचं नाव पूर्ण लिहिलं तशा काही लाल रेघा परत आल्या, पण आता त्या मूठभर होत्या. दोघं एकेकीचा माग काढत गेले. मास्तरांना कोडचा कानाकोपरा तोंडपाठ. हा शब्द कुठून येतो असं बारकीने विचारायचा अवकाश, ते झटकन फाइल सांगायचे. बारकी ती सेटिंगमध्ये बसवायची. दुपारचा डबाही त्यांनी तिथेच कळफलकाशेजारी उघडला. आता मुद्दाम केलेली चूक एडिटर लगेच पकडत होता, आणि जिथे कंपायलर गप्प तिथे तोही गप्प.

"एक राहिलं," बारकी म्हणाली. "चिप कोणती आहे ते याला अजून सांगितलेलं नाही."

"त्याने काय फरक पडतो?"

"आकडे ठेवायचे डबे. आपल्या संगणकावर साधा डबा मोठा असतो. चिपवरचा छोटा. याला अजून वाटतंय सगळे डबे मोठेच आहेत."

तिने चिपचं नाव लिहिलं. एडिटरने क्षणभर विचार केला. लाल रेघ एकही आली नाही. मात्र मास्तरांच्या सगळ्यात जुन्या फाइलमध्ये, बरोबर मधोमध, एक पिवळी रेघ उमटली. पिवळी म्हणजे चूक नव्हे, शंका. भाषेच्या नियमात बसतंय, पण मला काही हे बरं दिसत नाही.

बारकीने त्यावर बोट ठेवलं. "मोठ्या डब्यातला आकडा छोट्या डब्यात ओतताय, सांडेल, असं म्हणतोय."

मास्तर वाचायला वाकले. "हा तर टाके मोजणारा भाग. आत्तापर्यंत किती टाके झाले ते इथे ठेवतो आणि त्यावरून पुढचा टाका..." ते बोलता बोलता थांबले. "छोट्या डब्यात किती मावतं?"

"बत्तीस हजारांच्या जरा पुढे. त्यावर एक जरी टाका गेला तरी आकडा उलटतो आणि शून्याच्या मागे जातो."

दोघांनी एकाच वेळी भिंतीकडच्या चळतीकडे पाहिलं.

"शिवणताई!" मास्तरांनी वर्गातला आवाज लावला. "देवमाशाला टाके किती?"

"चाळीस हजार तरी असतील!" खालून उत्तर आलं. "का हो?"

मास्तर मटकन खुर्चीत बसले. बारकीला वाटलं, त्यांना लागलं असेल. इतक्या वर्षांचा त्यांचा कोड, आणि तिच्या बडबड्याने त्यावर बोट ठेवलं. पण मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

"खिशावरच्या फुलाला दोन हजार टाके! टोपीवरच्या नावाला तीन! तेव्हा कुणी म्हणालं असतं, की या यंत्रावर देवमासा भरायचाय, तर आम्ही त्याला पाणी पाजून घरी पाठवला असता." ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "म्हणजे शेपटीशी आलं की यंत्राला वाटत होतं, आपण अजून सुरुवातही केलेली नाही! म्हणून ते धावत डोळ्याकडे! अगं, किती साधं!"

"मग मी हात लावू का कोडला?"

"लाव!" मास्तर म्हणाले. "नको, थांब, मी लावतो. नाही, तूच लाव. तू शोधलंस."

शेवटी दोघांनी मिळून लावला. मास्तरांनी ओळ सांगितली, बारकीने लिहिली. छोटा डबा काढून मोठा ठेवला. पिवळी रेघ विझली. कंपायलर नेहमीसारखा काही न बोलता हो म्हणाला.

शिवणताईंनी नवं कापड ताणलं. डोकं आलं, डोळा आला, पोट आलं. शेपटीशी सुई पोचली तेव्हा यंत्राभोवती सगळा कारखाना गोळा झाला होता. खालचे लोक तेलकट हातांनी एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होते. मालकीणबाईंनी डोळे घट्ट मिटले होते आणि शिवणताईंचं बोट खटक्यावर तयार होतं. सुई शेपटीत शिरली. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि तशीच शांतपणे पुढे जात राहिली. शेपटीचं टोक भरून झालं, दोरा कापला गेला, यंत्राने टिंग केलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"झालं का?" मालकीणबाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"झालं, उघडा आता!" शिवणताई म्हणाल्या आणि त्यांनी मासा उचलून सगळ्यांसमोर धरला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी आपल्या एडिटरमधला फिका रंग घालवून चांगला भडक लाल लावला. दुसऱ्या दिवशी बारकी येऊन बसते न बसते तोच त्यांची हाक आली. "बारके, इकडे ये जरा. हा मला अर्धविरामावरून बोलतोय."

"बरोबर बोलतोय का?"

"बरोबर बोलतोय, म्हणून तर राग येतोय!"

पडदेवाल्या बाई आठवड्याच्या शेवटी आल्या. मालकीणबाईंनी त्यांच्यासमोर यंत्र चालू केलं आणि बारकीला आणि मास्तरांना मुद्दाम शेजारी उभं केलं. मासा पुरा झाल्यावर बाईंनी त्याच्या शेपटीवरून हात फिरवला, कापड उलटं करून मागचे टाके पाहिले, पुन्हा सुलटं केलं.

"मासा झकास आहे," त्या म्हणाल्या. "यंत्रं मी घेतेच आहे. फक्त एक विचारायचं होतं. मुलं लांब बसतात हो. याच्यापेक्षा मोठा होईल का?"

"कितीही मोठा!" मास्तर छाती फुगवून म्हणाले.

"कितीही नाही हं," बारकी घाईघाईने म्हणाली. मास्तरांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. तिने मनातल्या मनात नव्या डब्याचा हिशेब केला आणि तिला हसू फुटलं. "पण बाई, तुमचा अख्खा पडदा, मागची भिंत आणि बाहेरचा रस्ता भरून होईल, तोवर तरी काळजी नाही."

"रस्ता नको," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "पडदाच पुरे." आणि त्यांनी पिशवीतून मोजपट्टी काढली.